न वाचता मान डोलवू नका

विद्वत्तापूर्ण दिसणारं पण अर्थशून्य गद्य तयार करायला फार हुशार संगणक लागत नाही. एक साधा प्रोग्रॅम आणि नेमके निवडलेले शे-दोनशे शब्द एवढ्यावर काम भागतं. मी महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवते. व्याकरणाचे नियम संगणकाला कसे सांगायचे, हे शिकवताना मी मुलांकडून असा प्रोग्रॅम लिहून घेते. त्यातून मला जे कळलं ते इतरांच्याही उपयोगी पडेल, म्हणून हे लिहिते आहे.

आधी त्याची रचना समजून घेऊ. निबंध म्हणजे प्रस्तावना, विवेचन आणि निष्कर्ष. विवेचन म्हणजे काही परिच्छेद. परिच्छेद म्हणजे काही वाक्यं. आणि वाक्य म्हणजे कर्ता, कर्म, क्रियापद यांच्या ठरावीक जागा. प्रत्येक जागेसाठी शब्दांची यादी असते आणि प्रोग्रॅम त्यातला कोणताही एक शब्द उचलतो. लग्नपत्रिकेचा मजकूर ठरलेला असतो आणि नावं तेवढी बदलतात, तसाच हा प्रकार. शब्दाचा अर्थ काय, हे प्रोग्रॅमला कुठेच सांगितलेलं नसतं.

इंग्रजीत हे लवकर जमतं. मराठीत लिंग आणि सामान्यरूप आडवं येतं. नुसती यादी दिली की ‘अस्मिताच्या चौकटात’ असलं काहीतरी बाहेर पडतं आणि सोंग लगेच उघडं पडतं. म्हणून प्रत्येक नामासोबत त्याचं लिंग आणि सामान्यरूप नोंदवावं लागतं: अस्मिता, अस्मिते, चौकट, चौकटी, विमर्श, विमर्शा. मराठी विभागातल्या सहकाऱ्यांनी ती यादी तपासून दिली आणि मग असं वाक्य आलं: ‘उत्तर-वसाहतिक अस्मितेच्या चौकटीतून केलेली अनुभवाची बहुस्तरीय चिकित्सा सत्तासंबंधांच्या पुनर्रचनेकडे निर्देश करते.’

वर्गात हे वाचून दाखवलं की मुलं गंभीर होतात, काही जण वहीत उतरवूनही घेतात. मग मी शेवटचे शब्द बदलून ‘निर्देश करत नाही’ असं वाचते. तरीही कोणी हरकत घेत नाही. होकार आणि नकार दोन्ही सारखेच पटतात, तेव्हा त्या वाक्यात विधानच नाही, हे मुलांच्या लक्षात येतं. या धड्याचा खरा लाभ हाच.

हे खेळ जुने आहेत. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात अँड्र्यू बुल्हाक यांनी ‘दादा इंजिन’ हा प्रोग्रॅम लिहिला आणि 1996 मध्ये त्यातून उत्तर-आधुनिक समीक्षेची नक्कल करणारे निबंध निघू लागले. त्याच वर्षी भौतिकशास्त्रज्ञ अ‍ॅलन सोकल यांचा बनावट लेख ‘सोशल टेक्स्ट’ या नियतकालिकात छापून आला. या दोन गोष्टींची अनेकदा गल्लत होते. सोकल यांनी आपला लेख स्वतः विचारपूर्वक लिहिला होता, संगणकाकडून काढून घेतला नव्हता. पुढे 2005 मध्ये एमआयटीतल्या जेरेमी स्ट्रिबलिंग, मॅक्स क्रोन आणि डॅन अग्वायो या विद्यार्थ्यांनी ‘सायजेन’ तयार केला. आलेख, आकृत्या, संदर्भसूची यांसह संगणकशास्त्राचा अख्खा निबंध तो क्षणात देतो. त्यातला एक निबंध अमेरिकेतल्या ऑरलँडोच्या एका परिषदेने परीक्षण न करताच स्वीकारला. विद्यार्थ्यांनी बातमी जाहीर केल्यावर निमंत्रण मागे घेतलं गेलं.

इथवर हा विनोद होता आणि त्याचा हेतूही चांगला होता. पण प्रोग्रॅम सर्वांसाठी खुला होता. फ्रान्समधल्या ग्रेनोबलचे संशोधक सिरिल लाबे यांनी 2010 मध्ये सायजेनचे सुमारे शंभर निबंध ‘आयक अँटकारे’ या काल्पनिक माणसाच्या नावावर टाकले, त्यांना एकमेकांचे संदर्भ दिले आणि गूगल स्कॉलरच्या हिशेबात हा न जन्मलेला माणूस आइन्स्टाइनच्या पुढे गेला. त्यानंतर लाबे यांनी खरी प्रकाशनं तपासली. 2014 मध्ये स्प्रिंगर आणि आयट्रिपलई या मोठ्या प्रकाशकांना असे 120 हून अधिक निबंध मागे घ्यावे लागले. 2021 मध्ये लाबे आणि संशोधक गिओम काबानाक यांना सायजेनच्या मजकुराचे 243 निबंध सापडले, 19 प्रकाशकांकडे. हे सगळेच काही थट्टेसाठी पाठवलेले नव्हते. परिषदांचा ढिसाळपणा दाखवायला बनवलेलं साधन प्रकाशनांची यादी फुगवण्याच्या कामी आलं होतं.

आपल्याकडेही बढती आणि पीएचडीसाठी निबंधांची संख्या मोजली जाऊ लागली, तशी पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं उगवली. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 मध्ये आपल्या मान्यताप्राप्त यादीतून 4305 नियतकालिकं काढून टाकली, यावरून त्यांचा पसारा लक्षात यावा.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याने आमच्या प्रोग्रॅममधून काढलेला गोषवारा एका चर्चासत्राकडे पाठवला. स्वीकृतीचं पत्र आलं, सोबत नोंदणी शुल्क कुठे भरायचं याचा तपशील. परीक्षकाचा एका शब्दाचाही शेरा नव्हता. तो आनंदाने माझ्याकडे आला, ‘‘मॅडम, बघा, कसं पकडलं त्यांना!’’ मी म्हटलं, ‘‘पकडलंस खरं, पण उद्या हे छापलं गेलं आणि एखाद्या मुलीने प्रबंधात याचा आधार घेतला, तर तिला कोण सांगणार?’’ तो गप्प झाला. त्याच दिवशी त्याने खरं कारण लिहून गोषवारा मागे घेतला. उत्तर म्हणून शुल्क भरण्याची आठवण करून देणारा ईमेल तेवढा आला.

म्हणून असा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना माझं सांगणं आहे. जरूर लिहा, व्याकरण आणि प्रोग्रॅमिंग एकत्र शिकण्याचा इतका चांगला मार्ग दुसरा नाही. पण मजकुराच्या प्रत्येक पानावर ‘हा संगणकाने जुळवलेला अर्थहीन मजकूर आहे’ असं छापून येईल, ही सोय प्रोग्रॅममध्येच करा. संदर्भसूचीत खऱ्या संशोधकांची नावं घालू नका. न लिहिलेलं काही त्यांच्या माथी मारण्याचा अधिकार आपल्याला नाही. एखाद्या परिषदेची परीक्षा घ्यायचीच असेल तर मार्गदर्शकांना आधी सांगा आणि स्वीकृती येताच निबंध मागे घ्या. आणि यावरून अख्ख्या विद्याशाखेला पोकळ ठरवू नका. मराठी समीक्षेची नक्कल करता येते तशी संगणकशास्त्राचीही येते, सायजेनने तेच दाखवलं. या प्रयोगात नापास होतो तो न वाचता शिक्का मारणारा.

वाचणाऱ्यांनी चार गोष्टी कराव्यात. वाक्यात ‘नाही’ घालून पाहा. काहीच बिघडलं नाही तर तिथे विधान नाही. परिच्छेदांचा क्रम बदलून पाहा. फरक पडत नसेल तर तिथे युक्तिवाद नाही. लेखकाकडे एक उदाहरण मागा. आणि संदर्भसूचीतले दोन-तीन संदर्भ स्वतः उघडून बघा. सायजेनचा मजकूर ओळखणारा ‘सायडिटेक्ट’ हा प्रोग्रॅम 2015 मध्ये उपलब्ध झाला, पण आजची कृत्रिम बुद्धिमत्ता ठरावीक साच्यातून लिहीत नाही, त्यामुळे तो तिथे कामाचा नाही. या चार कसोट्या तिथेही उपयोगी पडतात.

निबंध पाठवणाऱ्या तरुण संशोधकांनी एवढं लक्षात ठेवावं: ज्या नियतकालिकाने तुमच्या लेखनातली एकही चूक दाखवली नाही आणि शुल्क मात्र लगेच मागितलं, त्याने तुमचा निबंध वाचलेला नाही. तिथे तुमचं नाव छापून येऊ देऊ नका.