भरतीचं गणित

कर्जत
वैशाख वद्य पंचमी

चि. ओंकार,

आंजर्ल्याच्या पुढे तू ओहोटी बघून खाड्या चालतच ओलांडतोस, तेही पाठीवरच्या सॅकसकट, असं काल वहिनीकडून कळलं. चार महिने केरळपासून किनाऱ्याकिनाऱ्याने नीट आलास, आता बाणकोटची खाडी ओलांडली की रायगड जिल्हाच लागतो, म्हणून घरात सगळे निश्चिंत आहेत. मला भीती वाटते ती याच टप्प्याची. इतक्या चालण्याने पायांना बळ येतं, पाण्याची जाण येत नाही. आजवर काही झालं नाही, म्हणजे पुढेही होणार नाही, असा हिशेब मन मांडू लागतं. आणि घर जवळ आलं की साधा वळसाही जड होतो.

आपण घाटाखालची माणसं. उल्हास किंवा पाताळगंगा चढणार असेल तर आधी डोंगरावर ढग भरतात, पाणी गढूळ होतं. खाडी मात्र निरभ्र आकाशाखाली भरते. ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण सव्वासहा तास. पण पाणी या तासांत सारखं चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाचा जेमतेम बारावा हिस्सा, दुसऱ्यात सहावा, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात प्रत्येकी चौथा हिस्सा. म्हणजे तू पाण्यात पाऊल टाकतोस तेव्हा ते जवळपास स्थिर दिसतं, आणि तू चिखलातून वाट काढत रेंगाळलास की त्याचा वेग वाढलेला असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला हा चढ आणखी मोठा. येती अमावास्या दहा दिवसांवर आहे.

मला उत्तम पोहता येतं, असं तू म्हणशील. येतंच, पण ते विहिरीतलं आणि डोहातलं पोहणं आहे. तिथलं पाणी तुला कुठे ओढून नेत नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. तेव्हा पावसाळा नव्हता, वादळही नव्हतं. किनाऱ्यावर फुटलेल्या लाटांचं पाणी अरुंद पट्ट्यातून जोरात समुद्राकडे परततं. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, त्यामुळे नवख्याला तीच जागा शांत वाटते. त्यात सापडलास तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नकोस, किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पड. आणि कमरेचा पट्टा आवळलेली सॅक पाठीवर असेल, तर तुझं पोहणं कशाच्या कामाचं?

गावची माणसं रोज जातात, हे तुझं दुसरं उत्तर असेल. ती तिथी डोक्यात घेऊन जातात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते : अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. शिवाय कुठे पाय रुततो हे त्यांना ठाऊक असतं, आणि कधी थांबायचं हेही. १ जूनपासून मासेमारी बंद होते, होड्या वर ओढून शाकारल्या जातात. समुद्र ज्यांचा, ते मागे सरतात, तर पाहुण्याने पुढे का व्हावं? आणि ओळखीच्या जागेचाही पूर्ण भरवसा देता येत नाही, हे १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेलेल्या इर्शाळवाडीने आपल्या खालापुराला शिकवलं. म्हणून वेश्वीहून बागमांडल्याला जेटीवरच्या बोटीनेच ये. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा भरतीच्या वेळी मुळीच करू नकोस; तिथे वाट खडकांवरून समुद्राला लागून जाते.

इतकं लिहिल्यावर वाटतं, दोष तुझा कमीच आहे. आम्ही तुम्हां मुलांना पोहायला शिकवलं, पाणी ओळखायला शिकवलं नाही. तुझ्या वयात घराबाहेरची एकही लांब वाट मी धरली नाही, त्याची हळहळ अजून जात नाही. म्हणून तू चालू नकोस, असं माझ्या तोंडून कधीच निघणार नाही. तू पाहिलेला किनारा मला तुझ्याच तोंडून ऐकायचा आहे; त्यासाठी दोन दिवस उशीर झाला तरी चालेल.

आज पंचमी, म्हणजे भरती पावणेचारला. उद्या षष्ठी, साडेचार. तू घरी येईपर्यंत रोज सकाळी मी दिनदर्शिका बघून हे गणित करणार आहे. तूही करत जा, म्हणजे दिवसातून एकदा तरी आपण दोघं एकाच पाण्याचा विचार करू.

तुझी,
आत्या