इंजिन कुठं बसलंय, ते आधी बघा

खोडाळ्याच्या बाजारात कुणी ना कुणी विचारतंच, "काका, जुनी गाडी घ्यायचीय, कुठल्या कंपनीची घेऊ?" हातात भाताचे किंवा नोकरीचे थोडे पैसे आलेले असतात. पोरांना शिकायला नाशिकला सोडायचं असतं, बाळंतिणीला मोखाड्याच्या नाहीतर जव्हारच्या दवाखान्यात वेळेवर पोचवायचं असतं. गरज खरी आहे, पण प्रश्न चुकीच्या टोकाकडून विचारला जातो. मी कसारा-खोडाळा रस्त्यावर बरीच वर्षं प्रवासी जीप चालवली, मध्यंतरी सीटखाली इंजिन असलेली व्हॅन चालवली, आणि नंतर घरासाठी छोटी मोटार घेतली. या तिन्हींनी मला एकच गोष्ट शिकवली. कंपनीचं नाव सावकाश विचारा. आधी बॉनेट उघडा, मग गाडीखाली वाका, आणि इंजिन कुठं बसलंय, कसं बसलंय आणि कोणती चाकं फिरवतंय ते बघा.

ती छोटी मोटार पेट्रोलवरची हॅचबॅक होती. इंजिन पुढं आडवं बसवलेलं, गिअरबॉक्स त्याच्या कडेला चिकटून, आणि जोर पुढच्याच चाकांना. भाद्रपदात घरची मंडळी देवबांधच्या गणपतीला गेली होती. परतताना मागच्या सीटवर तीन माणसं, डिकीत तांदळाची पोती, आणि चालवायला माझा पुतण्या. मी त्याच्या शेजारी. सूर्यमाळच्या चढावर एका ठिकाणी डांबर वाहून खडी उघडी पडली होती. तिथं पुढची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. पुतण्यानं जोरात रेस दिली तशी खडी उडाली, रबराचा वास सुटला, आणि गाडी मागं घसरून दगडावर टेकली. आवाज फार मोठा झाला नाही. माणसं उतरवली, ढकलून गाडी वर घेतली, सगळ्यांना वाटलं सुटलो. थोडं पुढं गेल्यावर काट्यांजवळ तेलाच्या किटलीचं लाल चिन्ह लागलं. गाव समोर दिसत होतं, पाऊस सुरू होता, म्हणून गाडी तशीच पुढं गेली. आधी इंजिन खडखडलं, मग थांबलं, ते पुन्हा फिरलंच नाही. खाली ऑइलचं चेंबर चिरलं होतं. नाशिकला इंजिन खोललं तेव्हा क्रँकची बेअरिंगं जळून चिकटलेली निघाली. लाल दिवा लागल्याबरोबर चावी बंद झाली असती, तर नवं चेंबर आणि नवं तेल एवढ्यावर भागलं असतं.

गाडी वाईट नव्हती. अशाच गाड्या मुंबई-नाशिक महामार्गावर इंजिनाला हात न लावता लाखभर किलोमीटर पळतात. आमच्याकडे ती अडली आणि फुटली, ती तिच्या मांडणीमुळे.

वजनापासून सुरुवात करतो. पुढं आडवं इंजिन असलेल्या रिकाम्या गाडीचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या चाकांवर असतं. जोरही त्याच चाकांना, त्यामुळे चालक एकटा असेल तर ती ओल्या रस्त्यावर पकड छान धरते. मागं तीन माणसं बसली आणि डिकी भरली की वजनाची वाटणी बदलते. चढावर नाक वर झालं की भार आणखी मागं सरकतो. ज्या चाकांनी गाडी ओढायची, त्यांच्यावरच वजन उरत नाही. मग कितीही रेस द्या, चाक नुसतं फिरतं.

जीपची मांडणी याच्या उलट. इंजिन पुढं असतं पण उभं, त्याच्या पाठीला गिअरबॉक्स, तिथून लांब प्रॉपेलर शाफ्ट मागच्या डिफरन्शियलपर्यंत, आणि जोर मागच्या चाकांना. माणसं जितकी मागं बसतील आणि चढ जितका तीव्र असेल, तितकी ती चाकं जमीन घट्ट धरतात. खोडाळ्याहून भरून निघालेली जीप पावसात चढ का चढते, याचं कारण हे. रिकामी जीप मात्र त्याच रस्त्यावर फसवते. मागं वजन नसतं, ओल्या वळणावर जरा जास्त रेस पडली की मागचा भाग बाहेर फेकला जातो. नव्या चालकांना हे कुणी सांगत नाही, आणि पहिल्या पावसातले बरेच अपघात रिकाम्या परतणाऱ्या गाड्यांचे असतात, हे मी स्वतः पाहिलंय. रिकामी पिकअप घाटात न्यायची असेल तर मागं वाळूची दोन-चार पोती टाका.

पुढच्या चाकांना जोर असलेली गाडी चढावर अडलीच, तर एक जुना उपाय आहे. माणसं आणि सामान उतरवा. तरी चढत नसेल आणि वळवायला जागा असेल, तर गाडी फिरवून रिव्हर्समध्ये वर न्या. आता इंजिन चढाच्या खालच्या अंगाला येतं, वजन पुन्हा जोराच्या चाकांवर पडतं, आणि मघाशी न चढलेली गाडी चढते. चढ लहान असेल आणि मागं रस्ता दाखवायला माणूस उभा असेल तेव्हाच हे करा. धुक्यात अजिबात नको.

दुसरी गोष्ट गाडीच्या पोटाची. कागदावर छोट्या मोटारीची जमिनीपासूनची उंची १६० ते १७० मिलिमीटर लिहिलेली असते, जीपच्या जातीच्या बोलेरोची साधारण १८०. एवढ्याशा फरकानं काय होणार, असं लोक विचारतात. दगड कुठल्या भागाला लागतो, त्यावर सगळं आहे. माणसं बसली की हॅचबॅकचं पोट खाली दबतं, आणि पुढं सगळ्यात खाली असतं ते पातळ पत्र्याचं किंवा ॲल्युमिनियमचं ऑइल चेंबर. जीपच्या जातीच्या गाडीत सगळ्यात खाली असतो मागच्या अ‍ॅक्सलवरचा डिफरन्शियलचा गोळा, जाड लोखंडी हाउसिंगमध्ये. तो अ‍ॅक्सलला धरूनच असल्यामुळे गाडीत चार माणसं बसोत की दहा, त्याची जमिनीपासूनची उंची बदलत नाही. इंजिनाचं चेंबर बरंच वर, चेसिसच्या दोन दांड्यांमध्ये. दगड लागला तरी लोखंडावर ओरखडा येतो, तेल सांडत नाही.

म्हणून आमच्या भागात हॅचबॅक घेणाऱ्यानं सीट कव्हर आणि टेप नंतर घ्यावेत, पहिल्या दिवशी इंजिनाखाली लोखंडी गार्ड बसवून घ्यावा. गार्ड जाड पत्र्याचा असावा आणि चेसिसला बोल्टनं कसलेला असावा. चेंबरला चिकटलेला गार्ड दगडाचा धक्का थेट चेंबरलाच देतो, तेव्हा मध्ये बोटभर जागा सोडायला सांगा. तेल काढायला भोकही ठेवायला सांगा, नाहीतर मेकॅनिक प्रत्येक सर्व्हिसिंगला गार्ड काढतो आणि एके दिवशी परत लावत नाही.

मागच्या चाकांची गाडी फुकट चालते असं नाही. प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसना ग्रीस लागतं. गिअर टाकून क्लच सोडताना 'टक्' असा आवाज आला तर क्रॉस गेलाय समजा. गाडी जड, म्हणून इंधन जास्त पिते, आणि मागच्या पाट्यांमुळे म्हाताऱ्या माणसाची कंबर ढिली होते. पुढच्या चाकांच्या गाडीत हा लांब शाफ्टच नसतो, पण चाकांकडे जाणाऱ्या छोट्या शाफ्टवर रबरी बूट असतात. बूट फाटला की चिखल आत शिरतो आणि पूर्ण वळणावर कटकट ऐकू येते. बूट स्वस्त, शाफ्ट महाग. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर चाक पूर्ण वळवून ते बूट डोळ्यांनी बघा.

या दोन मांडण्यांची अदलाबदल माझ्या पिढीनं बघितलीय. कुर्ल्याच्या कारखान्यातली पद्मिनी काय, अ‍ॅम्बॅसॅडर काय, दोन्हींत इंजिन पुढं उभं आणि जोर मागं. ही रीत फ्रान्समध्ये पॅनहार्ड-लव्हासोर यांनी १८९१ मध्ये पाडली आणि ती जगभर टिकली. पुढं १९५९ मध्ये ब्रिटिश मिनीनं इंजिन आडवं करून दाखवलं, आणि आपल्याकडे डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० तीच मांडणी घेऊन आली. इंजिन, गिअरबॉक्स आणि जोराची चाकं सगळं पुढं गोळा झालं की मधला बोगदा जातो, गाडी हलकी आणि स्वस्त होते, माणसांना जागा मिळते. शहरासाठी हे फार मोठं काम झालं. पोती आणि माणसं घेऊन उखडलेला घाट चढायला मात्र ती मांडणी कुणी आखली नव्हती. आमच्या डोंगरापलीकडे नाशिकच्या कारखान्यात बनणारी बोलेरो २००० साली बाजारात आली, ती जुनीच रीत धरून, आणि आजही मोखाड्याच्या स्टँडवर ती दिसते, यामागं हेच आहे.

सीटखाली इंजिन असलेल्या गाड्यांबद्दल मात्र वेगळं सांगायला हवं, कारण आमच्याकडे त्या भरपूर आहेत. ओम्नी २०१९ मध्ये बंद झाली, ईको २०१० पासून चालू आहे. इंजिन पुढच्या सीटखाली आणि जोर मागच्या चाकांना, त्यामुळे भरलेली व्हॅन चढ बऱ्यापैकी ओढते आणि वजन दोन्हीकडे वाटलेलं राहतं. हिची खरी अडचण माणसाच्या आळसातून येते. तेल बघायचं तर सीट उचलावी लागते, सीटवर माणूस बसलेला असतो, म्हणून तेल बघितलंच जात नाही. बंद पडलेल्या ज्या व्हॅन मी पाहिल्या, त्यांतल्या बहुतेकींत तेल किंवा कूलंट खूप कमी झालेलं होतं. व्हॅन घेणार असाल तर आठवड्याचा एक वार ठरवा आणि त्या दिवशी सीट उचला. शिवाय चालकाच्या गुडघ्यांपुढं फारसं काही नसतं. समोरून धडक बसली तर पाय आधी सापडतात. उतारावर वेग आवरा.

मागं इंजिन असलेली गाडी म्हणजे आपली तीनचाकी रिक्षा, आणि मोटारींत टाटांची नॅनो. जोराच्या चाकांवरच इंजिन बसलेलं, म्हणून चढावर पकड चांगली. पण पुढचा भाग हलका राहतो, आणि ओल्या उतारावर वळवताना स्टिअरिंगला जमीन कमी लागते. नॅनोच्या आखणीत मागच्या जड भागाचा विचार केलेला होता. पुढचे टायर १३५ मिलिमीटर रुंद, मागचे १५५, म्हणजे मागचा भाग घसरू नये. जुनी नॅनो घेणारे लोक चारही टायर एकाच मापाचे टाकतात आणि ती आखणीच मोडतात. टायर बदलताना मापं जशीच्या तशी ठेवा.

आता सिलिंडर. तीन सिलिंडरचं इंजिन टिकत नाही, हा समज मी अजूनही ऐकतो. मारुती ८०० तीन सिलिंडरवर कित्येक वर्षं पळाली, आणि आताच्या बोलेरोतलं दीड लिटरचं डिझेल इंजिनही तीनच सिलिंडरचं आहे. तीन सिलिंडरमध्ये घर्षण कमी, भाग कमी, इंधन कमी लागतं. मात्र पिस्टनांचा ताळमेळ पूर्ण बसत नाही म्हणून इंजिन दोन टोकांनी हिंदकळतं. तो हादरा रबरी माउंटिंग खातात. चार सिलिंडर त्या मानानं शांत चालतं. फरक इतकाच, की तीन सिलिंडरच्या गाडीत माउंटिंग लवकर तपासायचं. व्ही आकाराची आणि आडव्या समोरासमोर पिस्टनांची इंजिनं चांगली असतात, पण त्यांना दोन-दोन हेड असतात, आणि ती खोलणारा माणूस जव्हारला भेटणार नाही. आपल्या भागात ज्याचा मेकॅनिक एका दिवसात येऊ शकत नाही, ते इंजिन भरवशाचं नाही, मग जगात त्याचं नाव कितीही मोठं असो.

पावसाळ्यातल्या फरशी पुलांबद्दलही सांगतो. इंजिन हवा कुठून ओढतं ते नळीच्या मागोमाग बोट फिरवून बघून ठेवा. कित्येक छोट्या गाड्यांत ते तोंड पुढच्या जाळीपाशी असतं. पाणी आत गेलं तर पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. ट्रॅक्टर बोलवा, ओढून बाहेर काढा, प्लग काढून पाणी बघितल्याशिवाय इंजिन फिरवू नका.

मग घ्यावी कोणती? रोज सहा-आठ माणसं, भात, नागली, सिमेंट वाहायचं असेल, तर पुढं उभं इंजिन आणि मागच्या चाकांना जोर असलेली चेसिसवरची गाडी. यात माझ्या मनात शंका नाही. घरात चार माणसं, रस्ता बहुतेक डांबरी, नाशिकला महिन्यातून एखादी फेरी, तर पुढच्या चाकांची छोटी मोटार घ्या, गार्ड बसवा आणि तिच्यावर ओझं लादू नका. व्हॅन त्यानंच घ्यावी, जो सीट उचलायला कंटाळत नाही. गाडी पसंत पडली तरी विकणारा ती नेहमी सपाट रस्त्यावर, एकट्यानं चालवून दाखवतो. तुम्ही तिच्यात घरची चार माणसं बसवा, तोरंगणच्या घाटात नाहीतर सूर्यमाळच्या चढावर न्या, अर्ध्यात थांबवून पुन्हा उचलून बघा, खाली उतरून चेंबरवर तेलाचा ओघळ आहे का ते बघा. तोपर्यंत विसार देऊ नका.