रायफल एक, काडतुसे तीन

जळगाव जिल्ह्यात वरणगावच्या आयुध निर्माणीत ५.५६ मि.मी. काडतुसे तयार होतात. ती ‘इन्सास’ रायफलीस चालतात. तिची जागा घेणाऱ्या रशियन बनावटीच्या ‘एके-२०३’ ला मात्र ७.६२ × ३९ मि.मी. काडतूस लागते.

या श्रेणीतील सर्व रायफलींची यंत्रणा एकच आहे. नळीतील वायू दट्ट्या मागे ढकलतो, रिकामी पुंगळी बाहेर पडते व नवे काडतूस भरले जाते. भेद आहे तो काडतुसाचा व नळीच्या लांबीचा. २०० व २०५ यांस ५.४५, २०१ व २०२ यांस ५.५६, तर २०३ व २०४ यांस ७.६२ मि.मी. काडतूस लागते. पैकी २०२, २०४ व २०५ आखूड नळीच्या आहेत.

२०२१ च्या करारान्वये सहा लक्षांहून अधिक ‘एके-२०३’ अमेठीनजीक कोरवा येथे तयार करावयाच्या आहेत. रायफलीइतकेच तिचे काडतूसही स्वदेशी असणे अगत्याचे आहे.