ना हार, ना जीत

पालकहो, घरात सातवी-आठवीच्या पुढचं मूल असेल तर ॲनिमे हा शब्द तुमच्या कानांवरून गेलेलाच असणार. ताट पुढ्यात, भाजी गार होतेय आणि नजर मोबाइलवरच्या मोठमोठ्या डोळ्यांच्या जपानी मुलामुलींवर. ‘हे काय बघत बसतोस?’ म्हणून आपण पुढे निघून जातो. पण या गोष्टींमध्ये कधी कधी असं काही सापडतं, जे मुलांपेक्षा आपण बघायला हवं. आज तुमच्याशी बोलायचंय ते त्यातल्याच एका मुलीबद्दल, साकी मियानागाबद्दल.

रित्झ कोबायाशी यांनी २००६ मध्ये ‘यंग गांगान’ या जपानी नियतकालिकात तिची चित्रमालिका सुरू केली आणि २००९ मध्ये तिच्यावर ॲनिमे आलं. साकी नागानो प्रांतात राहते, हायस्कूलच्या पहिल्या वर्षाला आहे, पुस्तकांत रमते आणि माहजाँग खेळते. चार खेळाडू आणि १३६ सोंगट्यांचा हा खेळ. हातात तेरा सोंगट्या ठेवायच्या, एक उचलायची, एक टाकायची आणि चौदाव्या सोंगटीला चार संच आणि एक जोडी जुळली की डाव लागला. रमी खेळणाऱ्याला फारसं समजावून सांगायला नको.

साकीच्या गोष्टीतलं जग लेखकाने कल्पिलेलं आहे. तिथे जगभरात दहा कोटींवर लोक माहजाँग खेळतात आणि शाळाशाळांचे संघ राष्ट्रीय स्पर्धेसाठी झुंजतात. खऱ्या जपानमध्ये या खेळाला बरीच वर्षं धुराने भरलेल्या खोल्यांचा आणि पैजांचा वास होता. २०१८ मध्ये तिथे एम-लीग ही व्यावसायिक स्पर्धा उभी राहिली, ती जुगाराशी नातं तोडूनच. तेव्हा ‘म्हणजे जुगारच की’ ही शंका तुमच्या मनात आली असेल तर ती रास्त आहे. पण या गोष्टीतली पोरं पैशांसाठी खेळत नाहीत. साकी पैशांवर खेळली ती एकाच ठिकाणी. आपल्या घरी.

गोष्ट सुरू होते तेव्हा एक वर्गमित्र तिला शाळेच्या माहजाँग क्लबमध्ये घेऊन जातो. चौथा भिडू कमी असतो, एवढंच कारण. टेबलावर नोदोका हारामुरा असते, गेल्या वर्षीची माध्यमिक शाळांची राष्ट्रीय विजेती. साकी एकामागून एक डाव खेळते आणि प्रत्येक वेळी तिचा हिशोब शून्यावर येऊन थांबतो. नफा नाही, तोटा नाही. बाकीच्यांना ती एक साधारण खेळाडू वाटते. क्लबची अध्यक्ष हिसा ताकेई मात्र गुणांचा कागद बघते आणि तिथेच खिळते. कारण जपानी पद्धतीत प्रत्येकाला सुरुवातीला २५,००० गुण मिळतात आणि शेवटचा हिशोब ३०,००० धरून होतो. नेमकं शून्य हवं असेल तर खेळ संपताना तुमच्याजवळ २९,६०० ते ३०,५०० एवढेच गुण असावे लागतात. इतर तिघांच्या हातातले डाव ओळखायचे, कुठे किती मिळवायचं आणि कुठे किती सोडायचं याचं गणित मनात चालू ठेवायचं आणि त्या चिंचोळ्या फटीत अलगद उतरायचं. हे जिंकण्यापेक्षा किती तरी अवघड आहे.

हे ती शिकली कुठे? नवीन वर्षाला जपानमध्ये मुलांना घरातल्या मोठ्यांकडून पाकिटातून पैसे मिळतात. ते पैसे लावून घरची मंडळी लहानग्या साकीला खेळायला बसवत. हरली की तिचे पैसे जात. जिंकली की घरचे रागावत. त्या वयाच्या मुलीने यातून जी वाट काढली ती वाचून मी पुस्तक मिटून बसले. तिने हरायचंही सोडलं आणि जिंकायचंही.

आता आपल्या घरांकडे बघा. प्रगतिपुस्तक आलं. नव्वद पडले तर आपण म्हणतो, ‘छान, पुढच्या वेळी पंच्याण्णव.’ साठ पडले तर घरात दोन दिवस अबोला. ऐंशी-ब्याऐंशीला मात्र ‘बरं’ म्हणून सही होते आणि विषय संपतो. मुलं हुशार असतात. कोणत्या आकड्यावर घर शांत राहतं, हे त्यांना आपल्याआधी कळतं. पालकसभेत अशा मुलीबद्दल बाई म्हणतात, ‘काही तक्रार नाही हो तिची.’ आपण निर्धास्त होऊन घरी येतो. माझ्या मते काळजी करायची ती तिथेच.

मे महिन्याच्या सुट्टीत सगळी भावंडं जमली की कॅरमवर हेच दिसतं. शेवटची सोंगटी भोकाच्या तोंडाशी असते. स्ट्रायकर पोरीच्या हातात. ती नेम धरते, मान वर करून आतेभावाच्या फुगलेल्या गालांकडे बघते, मग आपल्या आईकडे बघते आणि इतका हलका फटका मारते की स्ट्रायकर सोंगटीपर्यंत पोचतच नाही. ‘अगंबाई, चुकलं!’ म्हणून सगळे हसतात. तिला त्याआधी कधी तरी सांगितलेलं असतं, ‘त्याला जिंकू दे गं, उगाच रडारड नको.’ सांगणाऱ्याच्या ते ध्यानातही राहिलेलं नसतं.

हिसाने साकीला काय सांगितलं, ते मला फार मोलाचं वाटतं. ‘तू घाबरतेस’ असं ती म्हणाली नाही, आत्मविश्वासावर भाषणही दिलं नाही. तिने सुचवलं की आपल्याजवळ सुरुवातीला फक्त १,००० गुण आहेत असं समज आणि तिथून तुझं ते शून्य गाठ. साकीला शून्य गाठता येतच होतं. आता ते गाठायचं म्हणजे सगळ्यांच्या पुढे जाणं आलं आणि ती जिंकली. मुलाची सवय मोडायला जाण्याऐवजी त्याच सवयीतून दार काढून देणारी ही मुलगी वयाने साकीपेक्षा फार मोठीही नाही.

नोदोकाची गोष्ट वेगळी. तिचे वडील वकील. माहजाँग म्हणजे नशिबाचा खेळ, त्यात काही राम नाही, असं त्यांचं मत आणि मुलीने टोकियोला शिकावं ही इच्छा. राष्ट्रीय स्पर्धा जिंकून दाखवली तर मला इथेच मैत्रिणींसोबत राहू द्या, असं मागणं ती त्यांच्यापुढे ठेवते. या वडिलांना खलनायक समजू नका, आपल्यातलेच आहेत ते. ही नोदोका आपल्या खोलीत इंटरनेटवर खेळताना अजिंक्य असते, टेबलावर मात्र चुकते. मग हिसा तिला तिचं कापडी पेंग्विन बाहुलं कुशीत घेऊन खेळायला लावते. भर स्पर्धेत, सगळ्यांसमोर. घरच्यासारखं वाटलं आणि हात मोकळा झाला.

साकीचंही पुढे असंच होतं. एका मोठ्या सामन्यात ती परवानगी मागून बूट-मोजे काढते आणि अनवाणी बसते, कारण घरी ती तशीच खेळायची. ज्या घराने तिला जिंकायची भीती घातली, त्याच घरात थोरल्या बहिणीशेजारी बसून तिला या खेळाची गोडीही लागली होती. आज आई-वडील वेगळे राहतात. बहीण तेरू आईबरोबर टोकियोत, देशातली अव्वल शालेय खेळाडू. ती साकीशी बोलत नाही, मला धाकटी बहीण नाही असंच सांगते. साकीला राष्ट्रीय स्पर्धेत जायचंय ते चषकासाठी नव्हे. शब्दांनी जमलं नाही, निदान माहजाँगच्या टेबलावर तरी बहिणीशी बोलता येईल, ही तिची आशा आहे. मुलांच्या हट्टाच्या, छंदाच्या, स्क्रीनच्या मागे असं काही असू शकतं, हे आपण विचारल्याशिवाय कळणार नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. या मालिकेत मुलींचं चित्रण काही ठिकाणी विनाकारण अंगप्रदर्शनाकडे झुकतं. मला ते मुळीच आवडलेलं नाही. मूल ही मालिका बघत असेल तर शेजारी बसा, खटकेल तिथे तसं बोला आणि ते शून्याचं प्रकरण त्याच्याकडूनच समजून घ्या. ते तुम्हाला रंगून सांगेल.

आणि आज जेवणं उरकली की कॅट काढा, कॅरम काढा, जे घरात असेल ते काढा. पैसे लावू नका. मूल जिंकलं तर ‘आता अभ्यासातही असंच’ हे वाक्य ओठांवर येईल, ते गिळा. हरलं तर समजूत घालायची घाई करू नका. एवढंच विचारा, ‘हा डाव कसा खेळलास, सांग बरं.’ आणि ते सांगत असेल तोवर मधे बोलू नका.