मिठाच्या कुळातील तीन मूलद्रव्ये

स्वयंपाकघरातील मीठ हा पदार्थ इतका परिचयाचा आहे की तो कशाचा बनला आहे याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. सोडियम हा सुरीने कापता येईल इतका मऊ धातू. पाण्यात पडला तर तो पेटूही शकतो. क्लोरीन हा हिरवट पिवळ्या रंगाचा, घसा व फुप्फुसे जाळणारा वायू. या दोन उग्र मूलद्रव्यांच्या संयोगातून आपल्या जेवणातील मीठ तयार होते आणि त्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भाग क्लोरीनचा असतो. आयोडीन व फ्लुओरीन ही याच कुळातील आणखी दोन मूलद्रव्ये. या कुळास हॅलोजन, म्हणजे लवणे निर्माण करणारी मूलद्रव्ये, असे नाव आहे. तिन्हींचा संबंध आपल्या पाण्याशी व अन्नाशी येत असल्याने त्यांची माहिती असणे अगत्याचे आहे.

क्लोरीन प्रथम तयार केला तो स्वीडनमधील शेले या रसायनज्ञाने, १७७४ साली. ते स्वतंत्र मूलद्रव्य आहे हे इंग्लंडच्या हम्फ्री डेव्ही याने १८१० मध्ये दाखविले आणि त्याच्या रंगावरून त्यास ग्रीक भाषेतील शब्दाचा आधार घेऊन हे नाव दिले. पहिल्या महायुद्धात, २२ एप्रिल १९१५ रोजी, बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने हाच वायू शत्रूवर सोडला. मात्र त्यापूर्वीच, १८९७ साली, इंग्लंडातील मेडस्टन येथे विषमज्वराची साथ आली असता नळांच्या शुद्धीसाठी क्लोरीनयुक्त द्रावण वापरले गेले होते आणि १९०८ पासून अमेरिकेतील जर्सी सिटी या शहराच्या पाण्यास नियमितपणे क्लोरीन देण्यात येऊ लागले होते. प्रमाण बदलले की गुण बदलतो, याचे याहून ठळक उदाहरण शिक्षकांना वर्गात देता येणार नाही.

खेड्यात हा क्लोरीन आपल्याकडे येतो तो विरंजक चूर्णाच्या, म्हणजे ब्लीचिंग पावडरीच्या रूपाने. विरलेल्या चुन्यावर क्लोरीन वायूची क्रिया करून हे चूर्ण बनवितात. ताज्या चूर्णात सुमारे ३३ टक्के उपयोगी क्लोरीन असतो. परंतु हवा, उजेड व दमटपणा लागला की तो उडून जातो. एका गावी ऐन पावसाळ्यात, तोंड उघड्या पोत्यात, गळक्या छपराखाली ठेवलेले चूर्ण प्रस्तुत लेखकाने पाहिले आहे. रोज नेमाने ते विहिरीत पडत होते. नोंदवहीत सह्याही होत्या. पडत होता तो मात्र बहुतांशी चुना! चूर्ण झाकणाच्या डब्यात, कोरड्या व अंधाऱ्या जागी ठेवावे.

विहिरीत किती चूर्ण टाकावे याचा हिशेब सोपा आहे. गोल विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करावा, त्यास पाण्याच्या खोलीने व नंतर ०.७८५ ने गुणावे. येणारा आकडा घनमीटरांचा. एका घनमीटरात १,००० लिटर पाणी असते. समजा, व्यास ३ मीटर व पाणी ४ मीटर खोल आहे, तर पाणी सुमारे २८,००० लिटर भरते. चांगल्या प्रतीचे चूर्ण दर १,००० लिटरला २.५ ग्रॅम या मानाने धरल्यास या विहिरीस सुमारे ७० ग्रॅम पुरते. पाणी गढूळ असेल किंवा आसपास रोगाची साथ असेल तर अधिक लागते. ते किती, हे आरोग्य कर्मचाऱ्याने हॉरॉक्स चाचणीने ठरवावे.

हे चूर्ण कोरडेच विहिरीत भिरकावू नये. बादलीत थोड्या पाण्यात कालवून त्याची पातळ लापशी करावी, मग बादली पाऊण भरेल इतके पाणी घालून ढवळावे आणि पाच-दहा मिनिटे स्थिर ठेवावे. चुना तळाशी बसला की वरची निवळी दुसऱ्या बादलीत घ्यावी, ती बादली दोराने पाण्याखाली सोडून वरखाली व आजूबाजूस जोराने हिसकावी. तळचा चुना विहिरीत टाकू नये. त्याने पाणी जड होते. यानंतर निदान एक तास पाणी उपसू नये. म्हणून हे काम रात्री, पाणी भरून झाल्यावर करणे सोयीचे. तासाभरानंतर पाण्यात दर लिटरला ०.५ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावा. पाण्यास किंचित वास येतो अशी तक्रार गावकरी पुष्कळदा करतात. तो वास दोष नव्हे. पटकी, विषमज्वर व कावीळ यांचे जंतू मारून क्लोरीन उरला आहे, याची ती खूण होय.

घरातील एक धोका येथेच सांगणे जरूर आहे. न्हाणीघर वा शौचालय धुण्याचे ॲसिड आणि विरंजक चूर्ण कधीही एकत्र करू नये. दोहोंच्या संयोगाने क्लोरीन वायू सुटतो आणि कोंदट जागेत तो प्राणघातक ठरू शकतो.

आयोडीनचा शोध १८११ मध्ये फ्रान्समधील कूर्त्वा यास समुद्रवनस्पतींच्या राखेत लागला. गळ्यातील अवटु ग्रंथीस ते लागते. न मिळाल्यास गलगंड होतो, आणि गरोदर स्त्रीस न मिळाल्यास मुलाची बुद्धी खुंटते. ही दुसरी हानी गलगंडाप्रमाणे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून अधिक गंभीर. प्रौढास दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते. दर किलोस १५ मिलिग्रॅम आयोडीन असलेले १० ग्रॅम मीठ खाल्ले की तेवढे मिळते. कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगात अशा मिठाने गलगंड घटल्याचे सिद्ध झाले. गोव्यातील व कोकणातील मिठागरांजवळ राहणाऱ्या अनेकांचा समज असा की, समुद्राच्या मिठात आयोडीन आपोआपच असते. तो बरोबर नाही. समुद्राच्या पाण्यातच ते अत्यल्प असते आणि मीठ जमताना त्यातील बराच भाग मागे उरलेल्या पाण्यात राहून जातो. मासळीतून मात्र ते मिळते. आयोडीनयुक्त मीठ बरणीत झाकून ठेवावे.

फ्लुओरीनचे मात्र उलट आहे; त्याचे भय अधिकतेचे. दर लिटरला १.५ मिलिग्रॅमहून अधिक फ्लुओराइड असलेले पाणी वर्षानुवर्षे पिण्यात आल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात आणि पुढे हाडे व सांधे ताठरतात. यवतमाळ, चंद्रपूर तसेच तेलंगणातील नलगोंडा या जिल्ह्यांत खोल कूपनलिकांच्या पाण्यात हा दोष आढळला आहे. असे पाणी दिसण्यात स्वच्छ असते, आणि उकळून किंवा क्लोरीन घालून ते सुधारत नाही. उलट उकळल्याने पाणी आटते व फ्लुओराइडचे प्रमाण वाढते. शाळेतील मुलांच्या दातांवर असे डाग पुष्कळ दिसू लागल्यास शिक्षकांनी कूपनलिकेच्या पाण्याचा नमुना तपासणीस पाठविण्याविषयी ग्रामपंचायतीस कळवावे. दोष निघाल्यास गावात दुसरा उद्भव शोधणे उत्तम. तो नसेल तेथे नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने तयार केलेली नलगोंडा पद्धत वापरता येते. तीत तुरटी व चुना तपासणीत ठरलेल्या प्रमाणात घालून पाणी ढवळतात, निवळू देतात आणि वरचे पाणी काढून घेतात. तळाशी बसलेल्या गाळात फ्लुओराइड असल्यामुळे तो पुन्हा ढवळला जाणार नाही आणि विहिरीजवळ टाकला जाणार नाही, याची काळजी घ्यावी लागते.