पुनर्वसन की दीर्घकालीन शुश्रूषा?

मी बालरोगतज्ज्ञ, तथापि हा धडा मला माझ्या आईच्या आजारपणाने दिला. पक्षाघातानंतर ती निपाणीच्या घरी अंथरुणाला खिळली, तेव्हा आम्हा भावंडांत दोन मते पडली : सुमारे ७५ किलोमीटरवरील बेळगावी ठेवून काही आठवडे भौतिकोपचार द्यावेत, की घरीच कायमची शुश्रूषा करावी?

या निर्णयाचा निकष वय नव्हे, तर साध्य होण्याजोगे उद्दिष्ट होय. रुग्णास सूचना समजतात काय? तो आधाराने बसतो काय? व्यायाम सोसतो काय? पक्षाघातानंतरची सुधारणा पहिल्या ३ महिन्यांत सर्वाधिक वेगाने होते. म्हणून उत्तरे होकारार्थी असल्यास विलंब करू नये. प्रगती मात्र मोजावी. १९६५ साली प्रसिद्ध झालेला बार्थेल निर्देशांक जेवणे, बसणे, चालणे अशा १० कृतींना १०० पैकी गुण देतो. बाळाचे टप्पे नोंदवावेत, तसे मी आईचे गुण नोंदविले.

ते २० वरून ४५ झाले. पुढे ६ आठवडे तेथेच थांबले. तेव्हा आम्ही तिला घरी आणले. झोपेत कूस पालटणे, शय्याव्रणांसाठी पाठ तपासणे, बसवून सावकाश भरविणे हाच पुढील उपचार ठरला.

शुश्रूषा म्हणजे पराभव नव्हे. मात्र तिचा भार एकट्या सुनेवर टाकू नये. मुलांनीही पाळ्या वाटून घ्याव्यात.