संध्याकाळी सात, चौदा दोनशे दहा

बाळ, परवाना आला, व्हीयू ३ ने सुरू होणारा कॉलसाइन तुझ्या नावावर लागला. जर्मनीत शिकायला गेलेल्या तुझ्या मैत्रिणीनंही तिकडची परीक्षा देऊन परवाना काढला. आता तू विचारतेस, "आजोबा, आम्हा दोघींना बोलायचं तर सेट कुठला घेऊ?" सेटचं मागाहून बघू. आधी घड्याळ घे.

हॅम रेडिओवर सीक्यू, म्हणजे कुणालाही मोकळी हाक, पुकारलं की कुणी ना कुणी उत्तर देतं. आज जपान, उद्या रशिया. त्यातही मौज आहे, पण ती वाटेत भेटलेल्या माणसाशी बोलण्याची मौज. तुला हवी आहे ती एकच मुलगी. तिच्यासाठी वार, वेळ आणि फ्रिक्वेन्सी आधी पत्रानं नाहीतर फोनवर पक्की करावी लागते. आम्ही त्याला स्केड म्हणतो. माझा स्केड तीस वर्षं एकच होता: मंगळवार, संध्याकाळी सात, चौदा दोनशे दहा. म्हणजे १४.२१० मेगाहर्ट्झ.

पलीकडचा माणूस तुला माहीत आहे. अलिबागच्या इस्रायल आळीतला, शाळेत माझ्या बाकावर बसणारा. घरात आपल्यासारखीच मराठी, शनिवारी मात्र सगळं बंद. सत्तरच्या दशकात ते कुटुंब इस्रायलला गेलं. पुढं जानेवारी १९९२ मध्ये दोन्ही देशांचे पूर्ण राजनैतिक संबंध जुळले आणि त्यानंतर दोनेक वर्षांनी आमची रेडिओवर पहिली गाठ पडली. वार ठरवताना मी शुक्रवार रात्र म्हणालो. तो म्हणाला, "अरे, शब्बाथ!" मलाच कळायला हवं होतं. तेव्हा समोरच्या घरचे सण, उपवास, परीक्षा आधी विचारून घे, मग वार ठरव.

वेळ नेहमी यूटीसीत, म्हणजे सगळ्या जगाला एकच असलेल्या वेळेत, लिही. आपलं घड्याळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढं. माझे सात म्हणजे १३:३० यूटीसी. हे मी धडा घेऊन शिकलो. इस्रायलमध्ये मार्चअखेर घड्याळं एक तास पुढं करतात आणि ऑक्टोबरअखेर मागं घेतात. पहिल्या वर्षी मी भारतीय वेळ धरून बसलो, तो त्याची. दीड तास नुसती खरखर ऐकली आणि त्याला काही झालं की काय, या काळजीनं रात्रभर झोप नाही. जर्मनीतही घड्याळं अशीच हलतात. भिंतीवर एक स्वस्तातलं घड्याळ साडेपाच तास मागं लावून टांग आणि त्याला कधी हात लावू नकोस. लॉगबुकातही यूटीसीच. पहाटे साडेपाचच्या आत बोललीस तर तारीख कालची पडते, ते विसरू नकोस.

एका वेळेवर भिस्त ठेवू नकोस. चौदा दोनशे दहावर कुणी बोलत असेल तर पाच किलोहर्ट्झ वर जायचं, तिथंही गर्दी असेल तर आणखी पाच. दहा मिनिटांत गाठ पडली नाही तर रात्री दहाला सात मेगाहर्ट्झवर, म्हणजे चाळीस मीटरवर. तिथंही नाही तर पुढचा मंगळवार. एवढं ठरलेलं असलं की कुणी रुसत नाही.

आता आभाळाचं. इस्रायल इथून सुमारे चार हजार किलोमीटर, जर्मनी साडेसहा हजारांच्या घरात. आपल्या लहरी वर आयनांबरात जाऊन परत खाली वळतात, म्हणूनच इतक्या लांब पोचतात. वळवण्याचं काम वरच्या एफ थराचं. दिवसा त्याच्या खाली डी थर तयार होतो आणि तो सात मेगाहर्ट्झसारख्या खालच्या लहरी गिळतो. सूर्य मावळला की तो विरतो. म्हणून चाळीस मीटर रात्री लांबवर जातं आणि वीस मीटर, म्हणजे चौदा मेगाहर्ट्झ, दिवसाउजेडी चालतं. मात्र अंधार दोन्हीकडं हवा. हिवाळ्यात माझ्या मित्राकडं लवकर मावळतं, तेव्हा रात्री साडेनऊला सात मेगाहर्ट्झ छान लागतं. जूनमध्ये आपल्याकडं दहा वाजले तरी त्याच्या अंगणात ऊन असतं. जर्मनीत तर उन्हाळ्यात ते आणखी उशिरापर्यंत रेंगाळतं.

सूर्याचंही बघावं लागतं. त्याच्यावरच्या डागांचं चक्र साधारण अकरा वर्षांचं. १९९६ च्या सुमारास सूर्य निवांत होता, तेव्हा कित्येक मंगळवार आम्ही एकमेकांचा नुसता शोध घेतला. २००० च्या आगेमागे मात्र शेजारच्या अंगणातून बोलावं तसा आवाज. आत्ताच्या चक्राचा भर २०२४ मध्ये येऊन गेला. पुढची वर्षं उताराची आहेत. उतारात दहा मीटर मंदावतं, त्याच्या गोडीत राहू नकोस, वीस आणि चाळीस पक्के कर.

बोलायला बसण्याआधी वाट खुली आहे का, हे कळण्याची एक युक्ती सांगतो. हीच मला सगळ्यात लाडकी. १४.१०० मेगाहर्ट्झवर जगभरातली अठरा बीकन केंद्रं पाळीपाळीनं मोर्समध्ये आपला कॉलसाइन देतात. प्रत्येकाला दहा सेकंद, सगळी फेरी तीन मिनिटांची. तेल अवीवच्या केंद्राचा कॉलसाइन आहे ४एक्स६टीयू. त्याची पाळी तासाच्या दुसऱ्या मिनिटाला, मग पाचव्या, आठव्या, अशी. कॉलसाइननंतर चार लांब टोले येतात: पहिला शंभर वॉटचा, मग दहा, एक आणि शेवटचा एक दशांश वॉटचा. मी सेट लावून आधी हेच मोजतो. तिसरा टोला ऐकू आला तर बघायलाच नको, माझ्या पन्नास वॉटवर मित्र मला नक्की ऐकणार. तेल अवीवच्या लगेच पाठीमागं फिनलंडचं केंद्र येतं, ओएच२बी. तुझ्या कामाचं ते. आणि बीकनच्या फ्रिक्वेन्सीवर माईकचं बटण चुकूनही दाबायचं नाही.

तार. सेटवर पैसे घालण्याआधी तारेवर घाल. वीस मीटरच्या डायपोल अँटेनाला एकंदर दहा मीटरच्या आसपास तांब्याची तार लागते, पाच इकडं, पाच तिकडं. हिशेब सोपा: १४३ ला मेगाहर्ट्झनं भाग. कापताना दोन्हीकडं वीतभर जास्त ठेव, मग एसडब्ल्यूआर मीटर बघत थोडी थोडी छाट. कापलेली तार वाढत नाही. उंची निदान दहा मीटर हवी, नाहीतर लहर सरळ डोक्यावर जाते आणि लांब पोचत नाही. तारेच्या आडव्या अंगाला जोर असतो, टोकांकडं नाही. जर्मनी आपल्या वायव्येला, म्हणून तुझी तार ईशान्येकडून नैर्ऋत्येकडं ताण. दिशा भिंतीवरच्या नकाशावर बघू नकोस, पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघ.

आपल्या वाडीत नारळ आहेत, पण नारळ डोलतो. दोन माडांना तार घट्ट बांधली आणि पहिल्याच वाऱ्यात तुटली, असं माझं दोनदा झालं. एक टोक बांधायचं, दुसरं कप्पीवरून घेऊन त्याला दगड लटकवायचा. माड हलला की दगड वरखाली होतो, तार शाबूत. दोरी नायलॉनची घे. काथ्या पाणी पितो आणि कुजतो. खाऱ्या हवेत सांधे हिरवे पडतात, म्हणून डाग देऊन वर रबरी टेप गुंडाळ.

वळवाच्या दिवसांत आभाळ गडगडायला लागलं की बोलणं अर्ध्यात टाकून उठायचं. अँटेनाची केबल सेटपासून सोडवून घराबाहेर ठेवायची. मित्राला मी एकच शब्द सांगतो, "वीज", आणि बंद करतो. तो समजतो.

सेटबद्दल इतकंच. हैदराबादच्या अशहर फरहान यांनी बिटेक्स नावाचा सेट आखला, घराजवळच्या दुकानात मिळणाऱ्या सुट्या भागांतून जुळवता यावा असा. गुंडाळ्यांसाठी त्यांनी नळाचे नायलॉनचे वॉशर वापरले. पाच-सहा वॉटचा तो सेट चांगल्या तारेवर परदेशात पोचतो. आपल्या हातानं जुळवलेल्या सेटवर मैत्रिणीचा आवाज आला तर तुला काय वाटेल, ते मी सांगायला नको.

आता बोलण्याचं, आणि हे कुठल्या पुस्तकात मिळालं नाही. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. आवाज चढउतार होत असतो, नेमका शेवटचा शब्द बुडतो. एकदा मी म्हणालो, "आईची तब्येत आता बरी नाही." त्याला ऐकू आलं, "आईची तब्येत आता बरी." तो आनंदानं, "वा वा, माझा नमस्कार सांग!" मला पुढं बोलवेना. तेव्हापासून आम्ही नकार आधी सांगतो: "नाही. बरी नाही." आकडेही सुटे. एकोणसाठ आणि एकोणसत्तर खरखरीत सारखेच वाटतात. पाच नऊ म्हण, सहा नऊ म्हण. वाक्य लहान ठेव, महत्त्वाचा शब्द दोनदा, आणि बटण सोडण्याआधी "ओव्हर". सोडल्यावर क्षणभर थांब, मध्येच तिसऱ्या कुणाला हाक द्यायची असेल.

आणि ऐकणारे पुष्कळ असतात. पैशांची बोलणी, घरातली भांडणं, कुणाचं आजारपण उगाळणं तिथं नको. धंद्याची बोलणी तर नियमातच बसत नाहीत. आईची ती बातमीही मी पत्रातच लिहायला हवी होती. परवाना नसलेल्या भावंडांनी हट्ट केला तरी माईक त्यांच्या हाती देऊ नकोस. पाऊस, आंबा, कोण कुठं भेटलं, त्याच्या घरच्या मलिद्याचे पोहे कसे झाले, यावर आमची तीस वर्षं गेली आणि विषय संपले नाहीत.

मोर्स तुझ्या परीक्षेला नव्हता. तरी शीक. आवाजाला जवळजवळ अडीच किलोहर्ट्झची जागा लागते, मोर्सला त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, म्हणून आवाज बुडतो तिथं टिकटिक तरते. गेल्या दोन वर्षांत माझ्या मित्राचे कान मंदावलेत. बोललेलं त्याला कळत नाही, पण एका सुराची टिकटिक स्वच्छ ऐकू येते. आता आम्ही मंगळवारी चौदा दोनशे दहावर नसतो, खाली चौदा तीसवर असतो. तो अजून माझं नाव शाळेतल्यासारखं अर्धंच पाठवतो.

रविवारी सकाळी ये. तुझी तार चढवायची आहे, माडावर जायला गडी सांगून ठेवलाय, पण खाली दगड तोलून धरायला तू हवीस.